सामायिक स्टुडिओत बस्तान बसवताना: नव्या आर्किटेक्ट-डिझायनरांसाठी

कुणाच्या तरी ऑफिसात चार-पाच वर्षं ड्रॉइंग काढली, साइट सांभाळल्या, आणि आता स्वतःची दोन-तीन कामं हाताशी आली, की पुण्यात बहुतेकांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो बसायचं कुठे हा. घरच्या जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पसरून क्लायंटला बोलावता येत नाही आणि स्वतंत्र ऑफिसचं भाडं-डिपॉझिट झेपत नाही. मग कुणी मोठ्या को-वर्किंगमध्ये एक सीट घेतं, तर कुणी तीन-चार जणांत मिळून कोथरूड, कर्वेनगरकडे जुन्या इमारतीतला एखादा गाळा घेतं. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. हा लेख दोन्हींसाठी आहे, पण माझा ओढा दुसऱ्या वाटेकडे आहे हे आधीच सांगून ठेवतो.

भाडं वाचणं हा या सगळ्यातला सर्वांत लहान फायदा आहे. शेजारच्या टेबलावर लाइटिंग करणारी मुलगी बसलेली असते, पलीकडे फर्निचर डिझायनर, त्याच्या पलीकडे महापालिकेच्या परवानग्यांत मुरलेला आर्किटेक्ट. जिन्याच्या रेलिंगचा तपशील अडला की उठून विचारता येतं, ही गोष्ट एकट्याच्या ऑफिसात मिळत नाही. मात्र काय एकत्र आणि काय वेगळं हे फर्निचर यायच्या आधी ठरलेलं असेल, तरच ती टिकते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच आहेत.

पायरी १: आपला आठवडा कागदावर मांडा

जागा बघायला निघण्यापूर्वी एका साध्या आठवड्याचे तास लिहा. साइटवर किती, व्हेंडरकडे किती, ड्रॉइंगवर किती, क्लायंटसोबत किती. आठवड्याचे तीन दिवस साइटवर जाणाऱ्याला ठरलेलं टेबल लागत नाही. कुठेही बसता येणारी सीट आणि कुलपाचं कपाट पुरतं. उलट दोन मॉनिटर आणि रेंडरिंगचं मशीन असेल, तर रोज जागा बदलणं अशक्य.

दोन गोष्टी हमखास सुटतात. पहिली, रविवार. घराचं इंटिरियर करून घेणारी मंडळी बहुधा नोकरदार असतात, त्यांना शनिवार-रविवारीच वेळ असतो. त्या दिवशी मीटिंग रूम मिळते का, आणि तिचे तास वेगळे मोजतात का, हे विचारा. दुसरी, रात्र. सेंट्रल एसी संध्याकाळी ठरलेल्या वेळी बंद होतो, आणि स्पर्धेचं किंवा टेंडरचं सबमिशन मात्र मध्यरात्रीच पुरं होतं. रात्री आत राहायची परवानगी, लिफ्ट, स्वच्छतागृह, आणि बायकांना उशिरा सुरक्षित बाहेर पडता येईल असा जिना आणि वॉचमन, हे सगळं प्रत्यक्ष रात्री जाऊन बघावं. दुपारच्या भेटीत ते कळत नाही.

पायरी २: जागा बघायला जाताना टेप आणि व्हिनिअरचा तुकडा न्या

टेप कशासाठी ते उघड आहे: ए-वन कागद ५९४ बाय ८४१ मिलिमीटर असतो, ए-झिरो ८४१ बाय ११८९. साधारण को-वर्किंगच्या ६०० मिलिमीटर खोल टेबलावर लॅपटॉप ठेवला की ए-वन उलगडत नाही. शिवाय लिफ्टचं दार मोजा. ६०० बाय १२०० ची टाइल सॅम्पल म्हणून एकच आली तरी चौदा-पंधरा किलोची असते, आणि ती तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढवणाऱ्या माणसाचा विचार आपणच करायचा आहे.

व्हिनिअरचा (प्लायवर चिकटवायच्या लाकडी पापुद्र्याचा) तुकडा प्रकाशासाठी. आपण रंग ठरवणारी माणसं. ज्या उजेडात ठरवतो तो खोटा असेल, तर साइटवर दार लागल्यावर क्लायंट विचारतो, 'हे तर लाल दिसतंय, आपण असं कुठे निवडलं होतं?' तुकडा आधी ट्यूबलाइटखाली धरा, मग खिडकीशी न्या. फरक फार पडला तर तिथले दिवे रंग नीट दाखवत नाहीत. ऑफिसात बहुधा ४००० केल्विनचा पांढरा प्रकाश असतो आणि लोकांच्या घरी ३००० चा पिवळसर. म्हणून सॅम्पल बघायच्या कोपऱ्यात दोन्ही रंगांचे, रंगदर्शकांक (सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९० च्या वर असलेले दिवे लावून घेणं हा मी सर्वांत आधी करायचा खर्च मानतो. उत्तरेची खिडकी मिळाली तर टेबल तिच्याशी लावा. तिथे थेट ऊन फारसं येत नाही, दिवसभर उजेड बराचसा सारखा राहतो.

सुतार मंडळींकडून शिकण्यासारखी एक गोष्ट इथेच सांगतो. व्हिनिअर कोरडं असताना जसं दिसतं तसं पॉलिशनंतर राहत नाही. ओलं फडकं एकदा फिरवा. क्षणभर जो गडद रंग दिसतो, तो पॉलिशच्या रंगाच्या बराच जवळचा असतो. क्लायंटला दाखवताना पाण्याची वाटी आणि फडकं टेबलावर असू द्या.

आवाजाकडेही लक्ष द्या. ठेकेदाराशी फोनवर बोलताना आपण सगळेच ओरडतो, कारण त्याच्या बाजूला कटर चालू असतो. बंद दाराची एक लहान खोली नसेल, तर त्या जागेत आर्किटेक्ट आणि ग्राफिक डिझायनर एकत्र सुखाने राहणार नाहीत.

पायरी ३: करार

तयार को-वर्किंगमध्ये त्यांचाच छापील करार असतो. त्यात लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही तो), नोटिशीची मुदत, डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि जागेचा पत्ता जीएसटी नोंदणीसाठी वापरू देतात का, एवढं तरी वाचा. पत्ता वापरायला कित्येक ठिकाणी वेगळे पैसे घेतात.

स्वतः मिळून गाळा घेत असाल तर लीव्ह अँड लायसन्स करार करावा लागेल. 'अकरा महिन्यांचा असला की रजिस्टर करायला नको' ही समजूत महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. खर्चही फार नाही. समजा भाडं महिना ३०,००० रुपये, परतीचं डिपॉझिट दीड लाख आणि मुदत तीन वर्षं. एकूण भाडं झालं १०,८०,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं तीन वर्षांचं व्याज ४५,०००. या ११,२५,००० वर ०.२५ टक्के, म्हणजे सुमारे २,८१३ रुपये मुद्रांक शुल्क. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. एजंटचे पैसे वेगळे.

करारात नाव कुणाचं, हा प्रश्न पैशांपेक्षा मोठा. एकाच्या नावावर जागा आणि बाकीचे त्याला पैसे देतात, ही पद्धत सोपी वाटते, पण मालकाने पोटभाड्याला मनाई केलेली असेल तर बाकीचे तिथे कायद्याने कुणीच नसतात. उद्या जीएसटीसाठी जागेचा पुरावा मागितला तर दाखवायला काही नसतं. म्हणून सगळ्यांची नावं घाला. मालक कुरकुरला तर निदान 'अमुक अमुक व्यावसायिक या जागेतून काम करतील' असं कलम आणि त्याचं ना-हरकत पत्र घ्या. शॉप ॲक्टचं (दुकानं-आस्थापनांची नोंदणी, मुंबईत त्यालाच गुमास्ता म्हणतात) काम ऑनलाइन होतं. लहान आस्थापनेला सूचना भरून पावती मिळते. ती प्रत्येकाने आपापल्या नावाने घ्यावी.

जीएसटीबद्दल थोडक्यात. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल. तिच्या खाली असाल आणि नोंदणी नसेल, तर को-वर्किंगच्या बिलावरचे १८ टक्के तुमच्या खिशातूनच जातात, परत मिळत नाहीत. सीटच्या दरांची तुलना करताना ते धरूनच आकडा काढा.

पायरी ४: दारावरची पाटी

इथे घाई करू नका. वास्तुविशारद कायदा, १९७२ प्रमाणे वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येते, आणि फर्मच्या नावात ती घालायची तर सगळे भागीदार नोंदणीकृत असावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं की हा कायदा उपाधीचं संरक्षण करतो, डिझाइनचं काम करायला इतरांना बंदी करत नाही. इंटिरियर डिझायनरने निर्धास्त काम करावं, पण एक आर्किटेक्ट, एक इंटिरियर डिझायनर आणि एक ग्राफिक डिझायनर मिळून दारावर '... आर्किटेक्ट्स' अशी एकच पाटी लावत असतील तर ते चूक आहे.

एकच नाव, एकच लेटरहेड, एकच ईमेल यात आणखी एक धोका आहे. तुम्ही भागीदार नसलात, तरी भागीदार असल्यासारखे जगापुढे वावरलात आणि त्यावर विसंबून कुणी उधारी दिली, तर भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम २८ प्रमाणे ती तुमच्याही अंगावर येऊ शकते. शेजाऱ्याने प्लायवूडचं बिल थकवलं आणि दुकानदार तुमच्या दारात उभा राहिला, असं होऊ नये. जागेला हवं तर गमतीचं नाव द्या, पण पाटीवर त्याखाली प्रत्येकाचं नाव वेगळं, काम वेगळं. जीएसटी नोंदणी असेल तर प्रवेशापाशी नावाच्या फलकावर नंबर लावणं बंधनकारक आहे, तेव्हा प्रत्येकापुरती जागा त्याच पाटीत सोडा.

पायरी ५: मधलं टेबल आणि सॅम्पलची भिंत

सामायिक स्टुडिओचा जीव या दोन गोष्टींत आहे. पैसे कमी असतील तर खुर्च्या जुन्या घ्या, पण इथे काटकसर नको.

टेबल आठ बाय चार फुटांचं करा. प्लायची आख्खी शीट तेवढीच येते, लॅमिनेटही तेवढंच, म्हणजे कापणी आणि वाया जाणं दोन्ही वाचतं. उंची ९०० मिलिमीटर ठेवा, उभ्याने काम करता येतं आणि चार जण भोवती उभे राहून ड्रॉइंगवर बोट ठेवू शकतात. वरचं लॅमिनेट मॅट आणि फिकट राखाडी. चकचकीत पांढऱ्यावर दिव्याची तिरीप येते आणि त्यावर ठेवलेल्या सॅम्पलचा रंग नीट कळत नाही. मॉडेल कापायला कटिंग मॅट कायमची तिथेच असू द्या. नियम एकच: रात्री टेबल रिकामं. सनबोर्डाचे तुकडे आणि फेव्हिकॉलची बाटली सकाळी दुसऱ्याच्या क्लायंटपुढे नको.

आता सॅम्पल. लॅमिनेट, व्हिनिअर, टाइल, कापड, हार्डवेअर यांचे फोल्डर एकट्याच्या ऑफिसात एक भिंत खातात. चौघांत तीच भिंत चौपट उपयोगी पडते. पण व्यवस्था नसेल तर सहा महिन्यांत ती अडगळ होते. फोल्डर आला की पाठीवर आल्याची तारीख आणि डीलरच्या माणसाचं नाव लिहा. लॅमिनेट कंपन्या शेड बंद करत राहतात. दोन वर्षांपूर्वीच्या फोल्डरमधून क्लायंटने मनापासून निवडलेली शेड 'आता येत नाही' असं दुकानात कळणं फार वाईट. म्हणून दाखवण्याआधी डीलरला कोड पाठवून खात्री करायची सवय लावा. कंपनीचा माणूस नवा फोल्डर देऊन जुना नेतो, त्याला सहा महिन्यांतून एकदा बोलवा.

सुटे तुकडे साइटवर जातात आणि परत येत नाहीत. भिंतीजवळ एक वही टांगा: कोड, कुणी नेला, कुठल्या साइटला. कापड आणि टाइलच्या मागे बॅच नंबर चिकटवून ठेवा, कारण एकाच कोडच्या टाइलमध्ये बॅच बदलली की छटा बदलते, आणि नैसर्गिक व्हिनिअरमध्ये तर लॉट बदलला की रेषाही बदलतात. क्लायंटने पसंत केलेला तुकडा मात्र सामायिक भिंतीवर परत ठेवू नका. त्याच्या मागे तारीख आणि क्लायंटची सही घेऊन तो आपल्या कपाटात ठेवा. वाद झाला तर तोच पुरावा. जड टाइल आणि दगड सर्वांत खालच्या फळीवर, लॉफ्टवर कधीच नाही.

पायरी ६: यंत्रं, वीज आणि सर्व्हर

प्लॉटर (मोठ्या ड्रॉइंगचा प्रिंटर) घ्यायची हौस सगळ्यांना असते. २४ इंची रोलवर ए-वन निघतो, ए-झिरोसाठी ३६ इंची लागतो. पण आठवड्यात मूठभर प्रिंट असतील तर जवळचं झेरॉक्स-प्लॉटिंगचं दुकान बरं. इंकजेट प्लॉटर पडून राहिला की हेड सुकतं. सगळ्यांची मिळून रोजची प्रिंट असेल तरच घ्या आणि प्रत्येक शीटची नोंद ठेवा.

विजेचं बिल समान वाटू नका. रेंडरिंगचं मशीन ७०० वॅट ओढत रात्रभर दहा तास चाललं तर एका रात्रीत ७ युनिट. ग्राफिक डिझायनरचा लॅपटॉप त्याच्या जवळपासही जात नाही. जड मशीनच्या सॉकेटला वेगळा सबमीटर बसवा, स्वस्तात होतो आणि कुरबुर संपते. लेसर कटर आणायचा विचार असेल तर बाहेर जाणारा एक्झॉस्ट आधी, मशीन नंतर. आणि पीव्हीसी त्यात कधीही घालायचं नाही, क्लोरीनयुक्त विषारी धूर होतो.

सर्व्हरवर प्रत्येकाचा फोल्डर आणि लॉगिन वेगळं. सगळ्यांना एकच पासवर्ड ही सोय नाही, क्लायंटच्या विश्वासाशी खेळ आहे. ड्रॉइंगवर लोकांच्या घरांचे पत्ते, तिजोरीची जागा, कॅमेऱ्यांची ठिकाणं असतात. रद्द प्रिंट फाडून टाका. बॅकअपची एक प्रत इमारतीच्या बाहेर असू द्या. चोरीचं सॉफ्टवेअर जागेत चालणार नाही हे लेखी ठरवा, कारण इंटरनेट सामायिक असलं की एकाच्या संगणकामुळे आलेली नोटीस सगळ्यांच्या पत्त्यावर येते.

पायरी ७: एकमेकांची कामं घेताना

सगळ्यात जास्त मैत्री इथे तुटते. शेजारच्याने 'जरा किचनचं एलिव्हेशन (समोरून दिसणारं ड्रॉइंग) काढून दे' म्हटलं, तुम्ही काढलं, पुढे तेच डिझाइन त्याच्या चार कामांत दिसलं. कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये वास्तुरचना आणि ड्रॉइंग या कलाकृती आहेत. पगारी नोकराने काढलेल्या ड्रॉइंगचा हक्क सहसा मालकाचा. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने काढलेल्याचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, काढणाऱ्याचाच राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते.

म्हणून प्रत्येक सहकार्यासाठी एक पानी कागद करा: काम नेमकं काय, किती दुरुस्त्या, पैसे कधी, ड्रॉइंगचा हक्क कुणाचा, फोटोत नाव कसं येणार, क्लायंटशी थेट कोण बोलणार. व्हॉट्सॲपवर 'हो रे, बघू' हा कागद नव्हे.

कमिशनबद्दल आर्किटेक्टांनी खास लक्ष द्यावं. आर्किटेक्टांच्या व्यावसायिक आचरणाच्या १९८९ च्या विनियमांनुसार काम मिळवून देण्याबद्दल कमिशन, सवलत किंवा भेट घेणं आणि देणं दोन्ही मना आहे. 'तुझ्या क्लायंटचं इंटिरियर मला दे, दहा टक्के तुझे' हे शेजाऱ्याने कितीही प्रेमाने म्हटलं तरी नाही म्हणायचं. प्रत्यक्ष काम वाटून घ्या आणि कामाचे पैसे घ्या. दुसऱ्या आर्किटेक्टला डावलून त्याचं काम काढून घेणंही त्याच विनियमांत बसत नाही. एकाच खोलीत बसणाऱ्यांना हे रोज पाळावं लागतं: दुसऱ्याचा क्लायंट पाणी पीत बसला असताना त्याला आपलं कार्ड द्यायचं नाही.

आणि सही. नोंदणी नसलेला मित्र म्हणतो, 'प्लॅन मी केलाय, तू फक्त महापालिकेत सही दे.' देऊ नका. तुम्ही न तपासलेल्या इमारतीची जबाबदारी त्या सहीने तुमच्यावर येते, आणि त्या इमारतीत माणसं राहणार असतात. तपासून, साइट बघून, रीतसर नेमणूकपत्र घेऊन काम हाती घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

ट्रेनी मुलामुलींबद्दलही ठरवून टाका. ती एकाकडे शिकायला आलेली असतात. चौघांनी त्यांच्याकडून प्रिंट, चहा आणि मापं करून घ्यायची नाहीत. दुसऱ्याला मदत हवी असेल तर त्या मुलाला विचारून, वेगळे पैसे देऊन, आणि त्याला त्यातून काही शिकायला मिळेल असंच काम.

पायरी ८: निघायची वेळ

कुणाचं काम वाढतं, कुणाचं लग्न होऊन शहर बदलतं, कुणीतरी निघणारच. दोन महिन्यांची नोटीस आणि बदली माणूस बाकीच्यांच्या पसंतीने, हे सुरुवातीलाच लिहा. सामायिक वस्तूंची यादी खरेदीच्या बिलांसह ठेवा, आणि दरवर्षी किती किंमत कमी धरायची तेही. मधल्या टेबलाची किंमत निघताना ठरवायला बसलं की चांगली माणसंही आवाज चढवतात.

निघणाऱ्याने जीएसटी पोर्टलवर पत्त्यातला बदल १५ दिवसांत कळवायचा असतो. वास्तुकला परिषद, बँक, शॉप ॲक्ट आणि चालू कामांच्या करारांतला पत्ताही बदलून घ्यावा, आणि क्लायंटना आधी स्वतः फोन करावा. सर्व्हरवरचा आपला फोल्डर उतरवून घेऊन तिथून पुसावा, किल्ली द्यावी, पाटीवरचं नाव स्वतः काढावं. सह्या घेतलेली सॅम्पल बरोबर न्यावीत; भिंतीवरचे फोल्डर मात्र तिथेच राहतात, वर्गणी देऊन आणलेले असले तरी.